तिवरबेटाचा अंगठा

घरी मला भोचक म्हणतात. नवऱ्याचं म्हणणं असं, की समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे नवा फ्रिज आला तर तो किती लिटरचा आहे हे कळेपर्यंत मला झोप येत नाही. खोटं कशाला बोलू, येत नाही. पण या सवयीपायी मला जाईबाई कळल्या, त्यामुळे ती सवय मोडायचा माझा काही विचार नाही.

मिरजेहून बदली होऊन मी नेरूळच्या शाखेत आले, तेव्हा नव्वद साल उलटून गेलं होतं. सेव्हिंग्जचं काउंटर माझ्याकडे होतं. कॉम्प्युटर यायचा होता. पितळी टोकन द्यायचं, जाडजूड लेजर उघडायचं, सही जुळवायची, पुढे पाठवायचं. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक सोसायट्यांमधली नोकरदार मंडळी. आपापल्या जागी शांत बसून टोकनचा नंबर पुकारायची वाट बघणारी.

त्यात एक दिवस एका बाईंनी टोकन माझ्या काउंटरवर खणकन आपटलं.

"आटपा ना बाय. पानी उतरतंय."

नऊवारी काष्टा, डोक्यावर चुंबळ तशीच, पायाशी रिकामी पाटी. मी आधी कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाकडे बघितलं. मग छताकडे. पाणी कुठलं उतरतंय काही कळेना. "रांगेत थांबा," मी ठणकावलं. त्या थांबल्या, पण एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, दर मिनिटाला दाराबाहेर उन्हाकडे बघत. पैसे भरून झाले, पासबुक कमरेला खोचलं आणि त्या जवळजवळ पळतच गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही. मग पुढे कितीतरी दिवस पत्ता नाही. मी म्हटलं, आजारी पडल्या असतील. तर पंधरवड्याने पुन्हा हजर, पुन्हा तीच घाई, पुन्हा दोन-तीन दिवस, पुन्हा गायब. हे तीन-चार महिने चाललं. पगाराचे दिवस नव्हेत, बाजाराचा वार नव्हे, मग हे काय गौडबंगाल आहे? एकदा गर्दी नव्हती तेव्हा मी विचारूनच टाकलं.

त्या खळखळून हसल्या. "बाय, तुमची ब्यांक रविवारी बंद, हाय ना? तसा आमचा बेट भांगाला बंद. अमाशेला नि पुनवेला उगडतो."

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. सारसोळ्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीत पलीकडे तिवरांचा एक हिरवा ठिपका दिसायचा. तेच तिवरबेट. घरं मोजकी, सगळी कोळ्यांची. बेटाभोवती नुसता गाळ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, भर दुपारी पाणी चढतं, तेव्हा होडी गाळावरून तरंगत थेट बेटाला लागते. त्या दोन-चार दिवसांत पाटी घेऊन यायचं, सारसोळ्याला चिंबोऱ्या-निवट्या अशी खाडीची मासळी विकायची, बँकेत यायचं आणि पाणी उतरायच्या आत परत होडीत बसायचं. अष्टमीच्या सुमाराला मात्र पाण्याला जोर नसतो. धड चढत नाही, धड उतरत नाही. तो भांग. त्या दिवसांत होडी बेटाला लागायची म्हणून नाही. खाडीच्या मधल्या धारेपर्यंत मांडी-मांडी चिखल तुडवत जायचं, तिथे होडीत चढायचं. जिवावर बेतल्याशिवाय ते कोणी करत नाही.

म्हणजे आमची बँक खाडी ओलांडली की लगेच, तरी या बाईंना ती महिन्यातून दोनदा लागायची. मला हे इतकं नवल वाटलं, की त्या संध्याकाळी मी घरचं कॅलेंडर काढून तिथ्या बघत बसले. नवऱ्याने विचारलं, "उपास धरतेयस का?"

जाईबाई विधवा. नवरा होडीच्या इंजिनात लुंगी अडकून गेला, असं त्या अगदी कोरडेपणाने सांगायच्या. एकच मुलगी, जागृती. ती बारावीपर्यंत शिकावी म्हणून तिला सारसोळ्याला बहिणीकडे ठेवलेली. बेटावर खातं कोणाचंच नव्हतं. खातं उघडायला आधीच्या खातेदाराची ओळख लागते, आणि ज्या गावात कोणाचंच खातं नाही तिथे ओळख द्यायची कोणी? शेवटी सारसोळ्याच्या एका जाळीवाल्याने सही केली आणि तिवरबेटाचं पहिलं खातं निघालं. मला ठाऊक होतं त्याप्रमाणे ते शेवटचंही होतं.

त्याच सुमाराला आमच्या मॅनेजरसाहेबांच्या अंगात आलं. शाखा 'अंगठामुक्त' करायची. साक्षरतेचं वारं होतं ते. जेवढे अंगठेवाले खातेदार, तेवढ्यांना सही शिकवायची, नवा नमुना घ्यायचा, आणि मग वरच्या ऑफिसला कळवायचं. काम आलं माझ्या गळ्यात. मीही उत्साहाने पाट्या-पेन्सिली आणल्या. वॉचमन शिकले, भाजीवाल्या शिकल्या, एक आजोबा तर सही जमल्यावर पेढे घेऊन आले. उरल्या एकट्या जाईबाई.

"मना नाय जमत बाय. बोटं माशे साफ करून करून जाड झालीत."

मी विश्वास ठेवला असता. पण एका अमावास्येला मी बघते तर बाकावर बसून या बाई शेजारच्या म्हातारीची भरणा-स्लिप भरून देतायत. अक्षर माझ्या धाकट्या दिरापेक्षा बरं. माझं डोकंच फिरलं. मी इथे पाटी-पेन्सिल घेऊन मागे लागतेय आणि ही बाई मला बनवतेय!

"जाईबाई, लिहिता येतं की तुम्हाला!"

"येतं की," त्या म्हणाल्या, जराही न लाजता. "जागीनी शिकवलाय."

"मग अंगठा कशाला?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बेटावर या पुनवेला. इथं बोलायची गोष्ट नाय ती."

एवढं सांगितल्यावर मी गेले नसते तर ती मी नव्हेच. पुढच्या पौर्णिमेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जाईबाईंच्या मागोमाग होडीत बसले. मिरजेची मी. कृष्णेच्या घाटापलीकडे पाण्याचा आणि माझा संबंध नाही. होडी हलली की मी फळी गच्च धरायची आणि त्या हसायच्या. बेटावर पोचेपर्यंत माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती.

अंगणात बायका जमल्याच होत्या. मला बसायला पाट दिला, काळा चहा दिला आणि मग सगळ्याजणी मला न्याहाळत बसल्या. मीही त्यांना न्याहाळत बसले. शेवटी जाईबाईंची थोरली जाऊ, काशी, पुढे झाली.

"तुमी ब्यांकेतल्या ना? मंग ऐका. मी चवथीपर्यंत शिकल्ये. सही येतं मना. या बेटावर पयली सही माझी." तिच्या बोलण्यात अजून त्याचा अभिमान होता. "पलीकडं एका पतपेढीत पैशे ठेवलं व्हतं, पोरीच्या लग्नाचं. आमच्या देवजीनी कागद आनला. घरपट्टीचा हाय, सही दे. दिली. तो पैशे काडायचा कागद व्हता."

देवजी म्हणजे तिचाच दीर. त्या पैशांचं त्याने जुनं इंजिन घेतलं आणि ते पहिल्याच हंगामात बिघडलं. काशीच्या पोरीचं लग्न दोन वर्षं लांबलं.

तेव्हापासून बेटावरच्या बायकांनी ठरवलेलं. मासळी विकणारी बाई, पैसा हातात येतो तो बाईच्याच, ही तिथली रीतच. पण घरात ठेवला की घरच्याला सापडतो आणि पासबुक आणलं की तेही सापडतं. म्हणून जिची-तिची बचत जाईबाईंच्या खात्यात. त्यांच्या घरात पासबुक शोधणारा पुरुष नव्हता. ज्या बाईला अंगठ्यावर पैसे मिळतात तिला स्वतः बँकेत उभं राहावं लागतं, तिच्या वतीने दुसऱ्याला स्लिप देऊन पाठवता येत नाही. हा आमचा नियम. आम्हा कारकुनांना तो कटकट वाटायचा. या बायकांनी नेमका तोच नियम हेरून त्याचं कुलूप केलं होतं.

"सही कुनाकडूनबी काडून घेता येतं," जाईबाई म्हणाल्या. "अंगठा माझ्या हाताला हाय. तो कोन काडून नेनार?"

काशीने त्यांचा हात धरून माझ्यासमोर केला. "ही बगा आमची ब्यांक."

दुसऱ्यांचे पैसे आपल्या खात्यात ठेवू नयेत, हाही आमचाच नियम होता. पण मी चहा पीत होते, मला काही ऐकू आलं नाही. मॅनेजरसाहेबांना मी सांगून टाकलं, की त्या बाईंना सही जमणं शक्य नाही. ते नाराज झाले. यादीत एक नाव राहिलं ते राहिलंच.

मग सत्त्याण्णवचा जुलै आला. जागृती बारावी झाली होती. पनवेलच्या एका नर्सिंगच्या शाळेत तिने अर्ज केला होता आणि नाव वेटिंग लिस्टवर लागलं होतं. बेटावर कोणी आजारी पडलं की चिखलातून झोळी करून न्यायचं, हे ती लहानपणापासून बघत आलेली. तिला नर्सच व्हायचं होतं, दुसरं काही सुचतच नव्हतं. वरची एक मुलगी गळाली आणि निरोप आला, दोन दिवसांत फीचा ड्राफ्ट आणा, परवा चारच्या आत, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. जाईबाईंनी त्यासाठी स्वतःच्या कमाईतले पैसे वर्षानुवर्षं बाजूला काढले होते. ते खात्यात होते. खातं अंगठ्याचं होतं. आणि तो परवाचा दिवस नेमका अष्टमीचा.

त्या दिवशी दुपारी बँकेत गडबड झाली म्हणून मी मान वर केली. शिपाई कोणाला तरी दारात अडवत होता. "अहो, फरशी आत्ता पुसलीय!" बघते तर जाईबाई. कमरेपर्यंत चिखल, तोही वाळून पांढरा पडलेला. पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट, दोरीने घोट्याला बांधलेले. आणि दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या. मागे जागृती, रडून रडून डोळे लाल.

मी काउंटर सोडून धावले. धारेकडे येताना जाईबाईंचा पाय गाळात रुतला होता, तोल गेला आणि आधाराला म्हणून त्यांनी तिथला एक जुना खांब दोन्ही हातांनी धरला. खांबावर कालवांचे शिंपले चिकटलेले. कालवांची धार ब्लेडसारखी असते. तळवे आणि दोन्ही अंगठे उभे चिरले. सारसोळ्याच्या दवाखान्यात टाके घालून त्या तशाच इकडे आल्या होत्या. बहिणीकडे थांबलेल्या जागृतीने आईला तिथेच गाठलं होतं.

"बाय, ड्राप काडा," त्या म्हणाल्या. "चारच्या आत पनवेल गाठायचा हाय."

मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते बाहेर आले, पट्ट्या बघितल्या. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. पण अंगठाच उमटणार नाही तर पैसे कसे काढायचे? "आयेला सही येतं," जागृती मधेच बोलून गेली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"जागृती, तू म्हणालीस ना, आईला सही येते? मग झालं की! आजच नमुना घेऊ. दोन बोटांत पेन धरा, कशीही वाकडीतिकडी चालेल. पाच मिनिटांत ड्राफ्ट."

"आनि मंग पुढच्या टायमाला अंगठा चालंल?" जाईबाईंनी विचारलं.

"आता अंगठा कशाला? एकदा सही झाली की सहीच. चेकबुकसुद्धा देतो तुम्हाला."

जाईबाईंनी पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ओढून घेतले. जागृतीने आईच्या खांद्याला धरून हलवलं. "आये, कर ना सही. किती येळ गेला बग. मीच शिकवली ना तुला?"

"नाय."

"आये!"

"काशीला सबूद दिलाय, जागे. सगल्यांना दिलाय. सही झाली का उद्या कोनबी कागद घेऊन येल. तुजा मामा येल, देवजी येल. मना नाय म्हनता यायचा नाय, मारतील, नायतर गोड बोलतील. अंगठा असला का मी हितं आल्याशिवाय काय व्हत नाय."

"आनि माजी शीट?"

जाईबाईंनी पोरीकडे बघितलं. त्या क्षणी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला. अगं, पोरगी आहे ना तुझी! काशीचे पैसे काशीला परत दे, सगळ्यांचे दे, मोड तो शब्द. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मग मला काशीने माझ्यासमोर धरलेला तो जाईबाईंचा हात आठवला आणि मी ते गिळलं.

"पुढच्या वरसाला भरू," जाईबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं. जागृती भिंतीला टेकून खाली बसली.

तेवढ्यात कॅशच्या पिंजऱ्यातून गावडे बोलले. सुभाष गावडे आमचे हेड कॅशियर, मूळचे कणकवलीकडचे. दिवसभरात चार शब्द बोलले तर बोलले.

"साहेब, पायाचो आंगठो चलता."

"काय?"

"लकवो झालेलो एक पेन्शनर होतो आमच्या शाखेत. हात चलत नसत. दोन साक्षीदार घ्यायचे, एक बँकेचो माणूस. पायाचो ठसो घ्यायचो. नियमात बसता."

मॅनेजरसाहेबांनी प्रादेशिक ऑफिसला फोन लावला. लाइन लागेना. पुन्हा लावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि मान हलवली, चालतंय. एक साक्षीदार म्हणून मी उभी राहिले. शिपाई फरशीवरून अजून चिडलेलाच होता, म्हणून दुसरे साक्षीदार शेजारचे औषधवाले आले.

मी पैसे काढायची स्लिप भरली आणि जाईबाईंच्या खुर्चीपुढे जमिनीवर ठेवली. शाईचा पॅड शेजारी ठेवला. त्यांनी झटकन पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"नाय नाय. लक्ष्मीच्या कागदाला पाय?"

आणि माझेही हात थबकले. खोटं वाटेल, पण मघापासून हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वहीला चुकून पाय लागला तर आम्ही अजून वहीच्या पाया पडतो. नोट तर सोडूनच द्या. गावड्यांनी मान खाली घातली. मॅनेजरसाहेब घड्याळाकडे बघत होते, पण त्यांच्याही तोंडून "टेका पाय" असं काही निघेना. दोन्ही वाटा बंद करून त्या बाई बसल्या होत्या आणि दोन्ही वाटा त्यांनी चांगुलपणापायीच बंद केल्या होत्या.

जागृती उठली. माठातलं पाणी तांब्यात घेतलं, आईच्या पुढ्यात मांडी घालून बसली. बुटाची दोरी सोडली. चिखल धुतला, ओढणीने पाय पुसला आणि तो आपल्या मांडीवर घेतला. बुटांमुळे पाय शाबूत होता. अंगठ्याला जांभळी शाई लावली. मग जमिनीवरची स्लिप उचलून तिने एका पुठ्ठ्यावर धरली.

"आये, तू पाय नको लावूस," ती म्हणाली. "तू हलूच नको. मीच कागद तुझ्या पायाला लावते."

जाईबाईंनी तिच्याकडे बघितलं. पाय मागे घेतला नाही. जागृतीने कागद अलगद वर नेऊन अंगठ्यावर दाबला, क्षणभर धरला आणि काढला. ठसा स्वच्छ आला होता, एकेक रेघ मोजता येईल असा. मी सही केली, औषधवाल्यांनी केली.

ड्राफ्ट तयार झाला. गावड्यांनी तो स्वतः आणून जागृतीच्या हातात दिला. ती निघाली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. आईच्या त्याच पायावर तिने कपाळ टेकलं. उठली तेव्हा कपाळाच्या मधोमध शाईचा मोठा जांभळा ठसा होता. जाईबाईंचे हात बांधलेले, त्यांना तो पुसता येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रुमाल काढला होता, तो परत पर्समध्ये ठेवला.

चारला थोडा वेळ असताना ती पनवेलला पोचली, हे तिनेच मला नंतर सांगितलं. ऑफिसातल्या बाईंनी ड्राफ्ट तपासला, फॉर्म बघितला, मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. पण कपाळाला हे काय लागलंय?"

जागृतीने हात लावून बघितलं. बोटाला जांभळी शाई आली.

"आईची सही आहे," ती म्हणाली.